'की अँड का'च्या कियाला आडनाव कुणी विचारलं?

२०१६ च्या एप्रिलमध्ये दोन प्रेमकथा पडद्यावर आल्या. १ तारखेला आर. बाल्कींचा 'की अँड का', २९ तारखेला नागराज मंजुळेंचा 'सैराट'. 'सैराट'वर आपण इतकं बोललो की दुसऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं. बघायला हवं. कारण नोकरीची स्वप्नं पाहणाऱ्या आपल्या मुलींपुढे यशस्वी बाईचा जो नमुना ठेवला जातो, तो तिथला आहे.

करीना कपूरची किया मार्केटिंगमधली महत्त्वाकांक्षी बाई. अर्जुन कपूरचा कबीर बन्सल बिल्डरचा मुलगा, आयआयएममध्ये शिकलेला, पण त्याला आईसारखं घर सांभाळायचंय. लग्न होतं. ती ऑफिसात, तो स्वयंपाकघरात. पुढे घर सांभाळणारा नवरा म्हणून त्याचाच गाजावाजा होतो आणि तिचा जळफळाट सुरू होतो. करमणूक बरी आहे. नवऱ्याने भाकरी थापायला आमची हरकत असण्याचं कारणच नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायांना सांगितलं होतं की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, दासी होऊ नका. बाल्कींच्या ७४ वर्षं आधी!

आमचा आक्षेप वेगळा आहे. सिनेमा सुरू होतो तेव्हा किया ऑफिसच्या आत पोचलेली असते. ती आत शिरली कशी, हा प्रश्नच कथेत नाही. आमच्यासाठी सगळी कथा त्या दारातच आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला: दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या साधारण दोन-तृतीयांश. मुसलमान नावाची त्याहून कमी. इथे 'आरक्षणाने गुणवत्ता मारली' म्हणायचीही सोय नाही, कारण खाजगी क्षेत्रात आरक्षणच नाही.

आता 'सैराट'ची आर्ची आठवा. तीही नोकरदार बाईच. हैदराबादला बाटल्या भरण्याच्या कारखान्यात लागते, तेलुगू शिकते, दोघं फ्लॅट घ्यायला निघतात. तिच्या महत्त्वाकांक्षेत काय कमी होतं? पण तिने जात ओलांडली होती. कियाच्या संसारातला मोठा पेच नवऱ्याची प्रसिद्धी. आर्चीच्या दारात माहेरची माणसं आहेर घेऊन येतात आणि जीव घेऊन जातात. पहिल्या सिनेमाला 'सगळ्यांची गोष्ट' म्हणायचं आणि दुसऱ्याला 'जातीचा सिनेमा', ही वाटणी आम्हाला मान्य नाही. जात दोन्हीत आहे. पहिल्यात ती कुणाला टोचत नाही, एवढंच.

आणखी एक. किया ज्या ऑफिसात ताठ मानेने वावरते, तिथे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती नेमावीच लागते. हा २०१३ चा कायदा कुठून आला? राजस्थानच्या भटेरी गावातल्या भंवरीदेवीपासून. कुंभार समाजातली ही बाई सरकारी 'साथिन' म्हणून बालविवाह रोखत होती. १९९२ मध्ये त्याची शिक्षा म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्या बलात्काराच्या संतापातून महिला संघटना आधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. काचेच्या इमारतीतल्या बाईची सुरक्षितता एका खेड्यातल्या बहुजन बाईने अशी किंमत मोजून मिळवली. रोमँटिक कॉमेडीत एवढ्याला जागा नसते, ठीक. पण ऑफिसच्या भिंतीवर त्या समितीचा कागद तरी दिसावा की नाही?

आम्हाला प्रेमकथा नकोत असं कुणी समजू नये. आसेगावची एक मुलगी घ्या. आई सोयाबीन सोंगायला जाते, पोरगी शिकून पुण्याला हिंजवडीत लागते. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरचा मुलगा गोड हसून विचारतो, "नाव कळलं, पण पूर्ण नाव काय?" सिनेमा तिथून सुरू करा. प्रेम असू द्या, गाणी असू द्या. विनोदाची तर काळजीच नको. त्या प्रश्नाला आमच्या पोरी काय उत्तर देतात ते एकदा ऐकाच.