बाळासारखे शिका म्हणे!

हल्ली आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत जा नाहीतर शाहूपुरीत, इंग्रजी संभाषणाच्या वर्गाची पाटी दिसतेच. आणि पाटीवर हमखास एक वाक्य : ‘मूल मातृभाषा शिकते, तसे इंग्रजी शिका.’ वाक्य गोड आहे. माझा राग आहे तो पाटीच्या आत जे चालते त्याच्यावर. आत पाऊल टाकावे तो फळ्यावर बारा काळ ओळीने उभे! अहो, कुठल्या आईने पाळण्यातल्या बाळाला अपूर्ण भूतकाळ शिकवला आहे?

मूल भाषा कशी शिकते हे पाहायला पदवी लागत नाही, घरात एक मूल पुरते. साधारण वर्षभर ते नुसते ऐकते. (आमच्या घराण्यात हे इतर कुणालाच जमलेले नाही.) ‘चेंडू आण’ म्हटले की आणते, पण बोलत नाही. मग एके दिवशी ‘पापू’ म्हणते. ते पाणी की पापड, त्याचे त्यालाच ठाऊक. पण घरात दिवाळी होते, आत्याला फोन जातो. ‘उच्चार सुधार, नाहीतर अर्धा मार्क कापीन’ असे कुणी म्हणत नाही.

कॅलिफोर्नियातल्या जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात यावरूनच एक पद्धत काढली. शिकवणाऱ्याने ‘ऊठ, चाल, दार उघड’ अशा आज्ञा द्यायच्या आणि शिकणाऱ्याने त्या मुकाट्याने पाळायच्या. बोलायची घाई नाही. आमच्याकडे ही पद्धत नवऱ्यांसाठी फार पूर्वीपासून आहे.

पण कॅलिफोर्निया कशाला? लक्ष्मीपुरीच्या बाजारात चला. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत निपाणी, संकेश्वर तिकडे म्हैसूर राज्यात गेली. गिऱ्हाईक काही गेले नाही. आमच्या भाजीवाल्या मावशी ‘एष्टु’ म्हणणाऱ्याला भाव सांगतात आणि ‘बेड’ म्हणून निघालेल्याला कन्नडमधूनच परत बोलावतात. मी विचारले, “मावशी, कन्नड कुठं शिकलासा?”

“शिकत्यात व्हय ते? गिऱ्हाईक आलं की बोलायचं.”

“आणि चुकलं तर?”

“हसत्यात. हसलं म्हंजे गिऱ्हाईक थांबतंय न्हवं!”

भाषेची गरज आणि चुकण्याची मुभा, एवढेच भांडवल. आमच्या शाळांत नेमके हेच नाही. इथल्या कितीतरी बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. घरात हेच ऐकत वाढलेली मुलगी वर्गात तसे बोलली की सगळा वर्ग हसतो, बाई दुरुस्त करतात, आणि पोर वर्षभर तोंड उघडत नाही. हे मातृभाषेत! मग परभाषेची काय कथा?

आता कुणी म्हणेल, मोठ्या माणसाला व्याकरण नकोच काय? हवे की. मोठ्याला नियम पाच मिनिटांत कळतो, ती त्याची सोयच आहे. फक्त आधी कानावर काही पडलेले असावे. नियम लावायला घरात सामान तर पाहिजे!

खरा घोळ लहानांचा आहे. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय निघाला, गदारोळ झाला, आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. घेतला ते बरे झाले. पण त्या गदारोळात एक युक्तिवाद सारखा कानावर येई : मुले टीपकागदासारखी असतात, काहीही टिपतात. कबूल! पण टीपकागदाला शाई लागते. घरातले बाळ जागेपणी सारा वेळ भाषेत डुंबत असते. शाळेत एक तास, त्यात हजेरी, त्यात ‘हाताची घडी तोंडावर बोट’. तोंडावर बोट ठेवून कुठली भाषा येते?

म्हणून एका पालकसभेत मी मागणी केली की पहिली दोन वर्षे इंग्रजीची वही बंद ठेवा. गोष्टी सांगा, खेळ घ्या, परीक्षा नको. एक गृहस्थ तावातावाने उठले, “परीक्षा नाही, तर पोराला काय येतं ते कळणार कसं?”

मी म्हटले, “त्याला मराठी येतं, हे तुम्हाला कुठल्या प्रगतिपुस्तकावरून कळलं?”

सभेत शांतता पसरली. मग अध्यक्षांनी घसा खाकरून पुढचा विषय घेतला : गणवेशाचा रंग. त्यावर दीड तास चर्चा झाली.