ओझे लादणारा नामानिराळा!

शंभर सीसीची मोटारसायकल, तिच्या दोन्ही अंगांना लोखंडी अँगलवर लटकवलेले चार सिलिंडर आणि टाकीला पोट टेकवून कसाबसा बसलेला तरणा पोरगा, हे दृश्य महाराष्ट्रातील एकाही शहराला नवे नाही. हिशेब करावयास गणिती लागत नाही. घरगुती सिलिंडरात गॅस १४.२ किलो; पोलादासकट तो भरतो तीस किलोच्या घरात. चारांचे १२०, पोराचे ६०, एकूण १८० किलो! असल्या दुचाकीची वाहनक्षमता, स्वार धरून, साधारण १३० ते १५० किलो. तालुक्याच्या गावी मजल याच्याही पुढे गेली आहे. तेथे वेल्डिंगवाल्याकडून गाडीला मागे हूक मारून घेतात, पिन टाकून ट्रॉली जोडतात आणि सिमेंटची पोती, पाण्याचे जार, मंडपाचे बांबू असे हाती येईल ते लादून गाडी महामार्गावर सोडून देतात. कायद्याच्या लेखी ट्रेलर हे नोंदणी करावयाचे वाहन. या ट्रॉलीला नोंदणी सोडाच, मागचा दिवाही नाही.

दुचाकी वळते ती कलून. दोन चाकांची ट्रॉली कलत नाही. म्हणून जोडाला सर्व बाजूंनी फिरण्याची मोकळीक लागते, आणि गावठी पिनेत नेमकी तीच नसते. ओझे आसाच्या मागे सरकले की ट्रॉलीचे पुढचे टोक वर उचलू पाहते, गाडीच्या मागच्या चाकाची पकड सुटते आणि ट्रॉली हेलकावे खाऊ लागते. ब्रेक दाबावा, तर बिनब्रेकची ट्रॉली पाठीमागून रेटतच राहते. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना २०१९ पासून ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारे एबीएस सक्तीचे झाले, धाकट्यांना दोन्ही ब्रेक एकदम लागणारी सीबीएस आली. उत्तम! पण मागे शे-दीडशे किलो मोकाट धावत असता त्या यंत्रणेने करावे काय? २०२२ साली देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. अशा देशात हा खेळ राजरोस चालतो.

कायदा नाही म्हणावे, तर कायदा उदंड आहे. दुचाकीवर बसवावयाच्या पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५००, इतके सूक्ष्म मोजमाप दिल्लीने २०२० साली करून ठेवले. जोडतोड करून बनविलेली ‘जुगाड’ गाडी हेही मोटार वाहनच, तिला कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ आणि १९४ प्रमाणे नोंदणीपत्रातील मर्यादेपलीकडे भार वाहिल्यास दंड वीस हजार रुपये, आणि तो केवळ चालविणाऱ्याला नव्हे, तर चालवावयास लावणाऱ्यालाही! हे अखेरचे शब्द आमच्या वाहतूक खात्याला दिसत नाहीत. मिलिमीटर मोजणाऱ्या डोळ्यांना सहा फुटी मालक दिसू नये, हा दृष्टिदोष नव्हे. ही सोय आहे.

सोय कोणाची, हे सांगावयास ज्योतिषी नको. तीनचाकी टेम्पो घ्यावा तर भांडवल लागते, विमा लागतो, पगारी चालक लागतो. त्यापेक्षा पोराला ‘स्वतःची गाडी घेऊन ये’ म्हणावे, खेपेमागे चार रुपये टेकवावे, हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचे, टायर त्याचा, मोडलेला पाय त्याचा, आणि पोलिसाने अडविले तर गुन्हाही त्याचाच, कारण नोंदणीपत्रावर नाव त्याचे, अशी ही धूर्त व्यवस्था आहे. नफा वर, दंड खाली! आणि सुजाण वाचकहो, फसवणूक केवळ त्या पोराची नाही. सिलिंडर घरपोच देण्याचा आकार त्याच्या किमतीतच धरलेला असतो. तुम्ही पैसे मोजलेत ते सुरक्षित पोहोचविण्याचे. तुमच्या मुलाबाळांच्या अंगावरून स्फोटक ओझे डुलत नेण्याचे नव्हेत.

पुढाऱ्यांचा दुटप्पीपणा तर अवर्णनीय. व्यासपीठावर हेच लोक ‘जुगाड ही भारतीय प्रतिभा’ म्हणून टाळ्या घेतात. पंजाबात एप्रिल २०२२ मध्ये मोटारसायकलच्या रेहड्या, म्हणजे मोटारसायकलला जोडलेले मालाचे गाडे, बंद करण्याचा हुकूम निघाला. गरिबांच्या पोटावर पाय आला म्हणून ओरड होताच काही दिवसांत तो मागे घेतला गेला. हुकूम काढताना पर्याय दिला नाही, मागे घेताना सुरक्षितता दिली नाही. आणि पर्याय काही आकाशातून आणावयाचा नव्हता. ब्रिटनमध्ये १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकललाच ट्रेलर जोडता येतो. त्याची रुंदी एक मीटरच्या आत, आणि भरलेले वजन १५० किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यांत जे कमी असेल ते. ज्या सरकारला पेटीचे मिलिमीटर मोजता आले, त्याला जोडाचे, ब्रेकचे, दिव्याचे आणि भाराचे चार नियम घालून ते अंमलात आणणे अवघड होते, असे मानावयास आम्ही दूधखुळे नाही.

म्हणून आमचा निवाडा स्पष्ट आहे. चौकात हेल्मेटवाचून सापडलेल्या पोराला पकडून कर्तव्यदक्षतेचा ढोल बडविणाऱ्या आणि त्याच चौकातून जाणाऱ्या १८० किलोंकडे पाठ फिरविणाऱ्या यंत्रणेने जनतेला कायद्याचे धडे देऊ नयेत. मोठ्या खेपांना टेम्पो द्या, ट्रेलरला नियम द्या, आणि तोवर गुदामाच्या दारातच काटा लावून भरलेली दुचाकी तोलून घ्या. ओझे ज्याने लादले, चलान त्याच्याच नावे फाडा!