बसमार्गिकेचा वाली कोण?

वाहतूक नियोजकाची कारकीर्द आपल्याकडे त्याच्या नावावरच्या अभ्यास-अहवालांवरून जोखली जाते, आणि हे माप अपुरे असल्याचे बेंगळुरूइतके स्पष्टपणे अन्य कोणत्याही शहरात क्वचितच दिसेल. या शहरात संशोधनाची वानवा कधीच नव्हती. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य देणारे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण २००६ मध्ये आले, पुढच्याच वर्षी कर्नाटकाने नागरी भू-परिवहन संचालनालय स्थापन केले आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचे स्वतंत्र केंद्रही उभे राहिले.

उणीव होती ती संशोधनानंतरच्या सांभाळाची. ऑक्टोबर २०१९ मध्ये शहराच्या बाह्य वळण रस्त्यावर सिल्क बोर्ड ते टिन फॅक्टरी या टापूत बसप्राधान्य मार्गिका, म्हणजे रस्त्याचा केवळ बससाठी राखलेला पट्टा, प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. खुंट रोवून तो पट्टा वेगळा काढला होता. दोन खुंटांमधून दुचाकी घुसत, तरीही बसगाड्यांचा वेळ वाचू लागला होता. पुढे त्याच रस्त्यावर मेट्रोचे काम सुरू झाले, खुंट निघाले आणि मार्गिका गेली. मेट्रोला विरोध करण्याचे कारण नाही; पण रस्ता महापालिकेचा, बस परिवहन महामंडळाची, नियमन पोलिसांचे आणि खांब मेट्रो महामंडळाचे, अशा वाटणीत त्या पट्ट्याचा सांभाळ हे कोणा एकाचे काम नव्हते. (नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग उखडलेला पाहिलेल्या पुणेकरांना हे नवे नाही.)

या सर्व यंत्रणांना एका छत्राखाली आणणारा बेंगळुरू महानगर भू-परिवहन प्राधिकरणाचा कायदा विधिमंडळाने २०२२ च्या अखेरीस संमत केला, आणि प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे दिले. अधिकाराच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत खुंटांचा विषय निघत नसतो. तो निघतो निविदेच्या मसुद्यात, जिथे काम संपल्यावर रस्ता पूर्वस्थितीत आणण्याच्या कलमात ‘पूर्वस्थिती’ म्हणजे मार्गिकेसह की मार्गिकेविना, हे कोणीतरी लिहावे लागते. ते लिहू शकणारा नियोजक बहुधा सल्लागार संस्थेचा कंत्राटी माणूस असतो आणि अहवाल सादर होताच त्याचा करार संपतो. म्हणून विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुण नियोजकांनी प्रारूपे आणि सर्वेक्षणांइतकीच निविदा आणि देखभालीची अंदाजपत्रके वाचण्याची सवय लावून घ्यावी, आणि प्राधिकरणानेही त्यांच्यासाठी कायम पदे निर्माण करावीत. मेट्रोचे काम उरकून बाह्य वळण रस्ता नव्याने आखला जाईल, तेव्हा बसचा पट्टा नकाशावर परत आणण्याची जबाबदारी कोणत्या पदाकडे असेल, हे आताच ठरवता येण्याजोगे आहे.