गावाचा नकाशा आणि आपली मुले

मुरगूडला आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. आम्ही बी. कॉम. झालेलो, कचेरीत आवक-जावक लिहिणारे. गणित शिकवायला गेलो आणि गळ्यात पडला भूगोल. गणित-इंग्रजीला शिकवणारा मिळतो, भूगोलाला कोणी मिळत नाही. पालकही म्हणतात, "त्यात काय शिकवायचं? पाठ केलं की झालं!"

मागे सातवीतली एक मुलगी 'माझ्या गावाचा नकाशा' काढून घेऊन आली. वही देखणी. वेदगंगा निळी, सर पिराजीराव तलाव निळा, नगरपरिषद, एस. टी. स्टँड, बाजारपेठ, देऊळ, शाळा, वर उत्तरेचा बाण. आम्ही सहज विचारले, "बाळ, यात तुझं घर कुठं?" तिने कागदावर बोट फिरवले, कडेला आणले आणि थांबली. "इकडं येतंय सर, पण कागद पुरला नाही."

विचारपूस केली तेव्हा कळले, नकाशा वर्गातल्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेला. मैत्रिणीचे घर पेठेत. तिने आपल्या दारापासून सुरुवात केली, त्यात तिची काही चूक नाही. शाळेत नकाशाला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. एक गुण कापला तो प्रमाण लिहिले नाही म्हणून. एक अख्खी वस्ती राहिली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही मुलांना वह्यांसकट बाहेर काढले. विहाराच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत पावले मोजायला सांगितली. प्रत्येकाची पावले वेगळी भरली आणि त्यावरून चांगलेच भांडण जुंपले. मग सुतळी आणली, दर मीटरला गाठ मारली. दहा मीटरला वहीत एक सेंटिमीटर असे ठरले. पुस्तकातले 'प्रमाण' मुलांच्या डोक्यात शिरले ते या भांडणातून.

त्यानंतरचा गृहपाठ पाण्याचा होता. घरी जाऊन आजीला विचारायचे : "लहानपणी पाणी कुठून आणायचीस?" उत्तरे आली ती लिहून घेताना मुलांचे हात थांबले. एका आजीने माहेरच्या गावची गोष्ट सांगितली. विहिरीपासून लांब घागर ठेवून उभे राहायचे, कोणाला दया आली तर तो वरून पाणी वाढायचा. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा, हे मुलांना परीक्षेपुरते ठाऊक होते. पण आपल्याच घरातली आजी तशी उभी राहिली होती, हे कोणाला ठाऊक नव्हते. सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, असल्या विहिरीला कुठलं चिन्ह द्यायचं?" पुस्तकातल्या सूचीत विहिरीला एकच चिन्ह असते. त्याने स्वतःच एक काढले : निळा गोल आणि त्याच्या बाहेर एक ठिपका.

आपली वस्ती बऱ्याच गावांत पूर्वेला किंवा नदीच्या खालच्या अंगाला का, हाही भूगोलच आहे. आपल्याकडच्या नद्या सह्याद्रीवरून पूर्वेकडे वाहतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. आम्ही एवढेच सांगितले, पुढचे मुलांनीच जुळवले : गावाने वापरलेले पाणी आणि गावावरून आलेला वारा दोन्ही आपल्याकडे! वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच झाला. पण पाटी बदलली तरी जागा तीच राहते आणि ती जागा तिथेच का, हे मुलांना कळलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, हे शिकवून मुले कडवट होतील. आम्हालाही ती धास्ती होती. म्हणून तिसऱ्या रविवारी नकाशासंग्रह उघडला आणि वेदगंगेच्या पाण्यामागे बोट धरून निघालो. पाटगावच्या धरणातून मुरगूड, पुढे दूधगंगा, मग कृष्णा. अरबी समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे हाकेवर, पण आपले पाणी जाते बंगालच्या उपसागराला! वाटेत आलमट्टी, श्रीशैलम, मग नागार्जुनसागर. तिथल्या नागार्जुनकोंडा खोऱ्यात जुने बौद्ध विहार होते. सिंहलद्वीपाच्या भिक्खूंसाठीसुद्धा तिथे विहार होता. धरणाचे काम १९५५ साली सुरू झाले. खोरे बुडण्याआधी उत्खनन करून कित्येक अवशेष वर टेकडीवर हलवले. आज त्या टेकडीचे बेट झाले आहे. आणखी खाली त्याच कृष्णेच्या काठी अमरावतीचा महास्तूप. त्याची शिल्पे आज चेन्नईत आहेत आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही. आपल्या नदीचे पाणी त्या स्तूपाच्या कडेने जाते म्हटल्यावर मुलांचे डोळे मोठे झाले.

जवळचे तर किती आहे! माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होते. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथे परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. निपाणीला १९२५ साली बाबासाहेब आले, तेव्हा निपाणी मुंबई इलाख्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती म्हैसूर राज्यात गेली. मधे सीमा आली, पण आपली सोयरीक तुटली नाही. निम्म्या वर्गाचे आजोळ त्या बाजूचे. अक्का, अण्णा हे शब्द कानडीतूनच आपल्या घरी आलेले. संस्कृतीचा धडा म्हणजे सणांची यादी असे समजणाऱ्यांनी एकदा आपल्या स्वयंपाकघरातली मिरची कुठली, भात कुठला, सुकट कोणत्या घाटाने वर येते, एवढे मुलांकडून लिहून घ्यावे.

त्या मुलीने नकाशा नव्याने काढला, चार कागद खळीने चिकटवून. वस्ती त्यात नीट बसली आणि तिच्या घरावर तिने लाल ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्या दारात आली. "सर, नकाशा लई चांगला झालाय. पण शाळेत न्यायला सांगू नका. आता कुठं पोरीला मैत्रिणी झाल्यात."

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या बाईंना भित्री म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. कचेरीत नवीन लागलो तेव्हा 'राहता कुठं?' या प्रश्नाला आम्हीही दोन वर्षे 'स्टँडच्या पुढं' असेच सांगत होतो. ते आम्ही त्यांना सांगितले, मुलीलाही सांगितले. शाळेत न्यायचा की नाही, हे तिने ठरवावे. सध्या नकाशा विहाराच्या भिंतीवर आहे.

येत्या रविवारी बाजाराची मोजणी आहे. सुतळी आता विरत आली आहे. कोणाच्या घरी गवंडीकामाची लांब टेप असेल तर त्यांनी तेवढा वेळ द्यावी, काम झाले की परत पोचवू.