आठवीची घाई कशासाठी?

‘आयआयटी हवी तर आठवीतच क्लास लावा’ हे गेल्या आठवड्यातील पत्र वाचून राहवले नाही. आयआयटी प्रवेशासाठीच्या जेईई परीक्षेचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला त्यातली सूत्रे घोकायला लावली, तर त्याचे मैदान जाते आणि गणिताची गोडीही. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. भूमितीतला रायडर, म्हणजे प्रमेय वापरून सोडवायचे अवघड उदाहरण, तासभर एकट्याने झगडून सोडवणारी मुले पुढे अवघड प्रश्नाला घाबरली नाहीत. तयार रीत पाठ केलेली मुले प्रश्न जरा फिरवला की अडखळत.

पत्रात मराठी माध्यमाचा साधा उल्लेखही नाही, याचे फार वाईट वाटले. जेईई मेन मराठीतून देता येते. अ‍ॅडव्हान्स्डची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते, आणि ती परीक्षाही लागोपाठच्या २ वर्षांत जास्तीत जास्त दोनदा देता येते. म्हणून आठवी-नववीत ‘लंब’, ‘वेग’, ‘त्वरण’ यांच्या जोडीने इंग्रजी संज्ञा ओळखीच्या कराव्यात, उदाहरण इंग्रजीतून वाचून वर्गाला मराठीत समजावून सांगायला लावावे. त्याला लाखभर फी लागत नाही. शाळेतला रोजचा अर्धा तास पुरतो. मुख्याध्यापकांनी तो वेळापत्रकात द्यावा.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा