कर धुरावर की वयावर?

घरात नवी गाडी आली की जुनी कुणाकडे जाते, हे मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नको. मुलगा कॉलेजात गेला की त्याला नवी मोटरसायकल, ह्यांना ऑफिसला चारचाकी आणि पंधरा-सोळा वर्षांची स्कूटी आपल्या वाट्याला. भाजी, दळण, मुलीला क्लासला सोडणं, बचत गटाची मीटिंग. दिवसाला जेमतेम चार-पाच किलोमीटर. तालुक्याच्या गावात सिटी बस नाही, मग खटारा का होईना, आपण ती जपून वापरतो.

आणि नेमका तिलाच महाराष्ट्रात पर्यावरण कर! २०१० साली हा कर आला तेव्हा पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीला २ हजार, पेट्रोल मोटारीला ३ हजार आणि डिझेल मोटारीला साडेतीन हजार असे पाच वर्षांचे दर ठरले. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची फी वेगळी. तीही एप्रिल २०२२ पासून दुचाकीला तीनशेवरून १ हजार आणि मोटारीला सहाशेवरून ५ हजार झाली.

जो धूर करील त्याने पैसे मोजावेत, हे मला अगदी मान्य आहे. जुनी गाडी जास्त विषारी धूर सोडते हेही खरंच. जुन्या टू-स्ट्रोक गाडीमागे दोन मिनिटं उभं राहिलं की पदर नाकाला लावावाच लागतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स गाड्या त्या मानाने पुष्कळ स्वच्छ आहेत. पण हा कर धुरावर आहेच कुठे? तो वयावर आहे. गाडी महिन्याला किती पळते, किती तेल पिते, हे कुणी विचारत नाही.

वाणसामानाच्या यादीसारखा हिशेब मांडून बघू या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा २.७ किलोच्या आसपास. जुनी छोटी मोटार महिन्याला दोनशे किलोमीटर फिरली आणि लिटरला पंधरा देत असली, तर एकतीसेक किलो झाला. नवी दांडगी डिझेल गाडी दीड हजार किलोमीटर पळाली आणि लिटरला बारा देत असली, तर सव्वातीनशेच्या वर. दहापट! पर्यावरण कर मात्र पहिलीला, दुसरीला पंधरा वर्षं काही नाही.

कुणी म्हणेल, त्यांनी घेतानाच डिझेलसाठी किमतीच्या १३ ते १५ टक्के कर भरला की. भरला, पण तो किमतीवर. आणि जुनीवाल्यांनीही आपापल्या वेळी भरलाच होता. खरं तर पंपावर लिटरमागे आपण जो कर देतो, तोच त्यातल्या त्यात न्यायाचा. जास्त जाळाल तर जास्त द्याल.

विजेच्या गाड्यांचं आणखी वेगळंच. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांपुढच्या इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला. धुराच्या तत्त्वाने ते बरोबर, असं म्हणता येईल. पण आपली बरीचशी वीज कोळशाची. पुण्याच्या रस्त्यावर जो धूर निघत नाही, तो चंद्रपूरला, कोराडीला, भुसावळला निघतो आणि तिथल्या बायकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. ३० लाखवाल्याला सूट आणि दोन हजारांसाठी स्कूटीवालीला खेटे, हे काही पटत नाही बाई.

ब्रिटनने २००१ मध्येच मोटारीचा कर किलोमीटरमागच्या कार्बन डायऑक्साइडवर ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडेही नव्या मॉडेलची धुराची चाचणी होतेच, पुण्यातली एआरएआय ते काम करते. मग कराचा आकडा त्यावरून का ठरवू नये? जुन्या गाड्यांसाठी पीयूसी आहे. फक्त ती गाडीच्या नळीला यंत्र लावून खरोखर मोजली जावी, नुसती पन्नास-शंभर रुपये घेऊन कागद हातात देऊ नये. धूर मर्यादेत असेल आणि गाडी थोडीच फिरत असेल, तर पर्यावरण कर माफ करा. नापास झाली तर खुशाल घ्या, वर दुरुस्तीची मुदत द्या. आणि जमलेल्या पैशातून तालुक्याला दुपारची एक एसटी वाढवा. ती वेळेवर येत असेल, तर पाच किलोमीटरसाठी स्कूटीला किक मारत बसायची हौस कुणाला आहे?