ठोसा आणि पुरावा

गुप्तहेराच्या हाती भिंग शोभते की पिस्तूल, हा प्रश्न दिसावयास केवळ करमणुकीचा आहे; पण तो तेवढ्यावर सोडून देण्याजोगा नाही. २०११ साली निघालेला ‘शेरलॉक होम्स : अ गेम ऑफ शॅडोज’ हा बोलपट आता घरबसल्या पाहावयास मिळतो. बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर असो की हैदराबाद, मराठी घरांतील कितीतरी मुलांना होम्सची पहिली ओळख पुस्तकातून न होता अशा पडद्यावरूनच होते. म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

दिग्दर्शक गाय रिची यांनी २००९ साली पहिला भाग काढला. त्यात निदान एक कोडे होते : फाशी गेलेला लॉर्ड ब्लॅकवुड थडग्यातून उठून आला कसा? जादूटोण्याचा तो सारा देखावा होम्स शेवटी उलगडून दाखवितो. दुसऱ्या भागात तेवढेही उरले नाही. गुन्हेगार प्राध्यापक मोरिआर्टी आहे, हे आरंभीच कळते. मग राहतो तो पाठलाग : आगगाडीतील गोळीबार, शस्त्रांचा कारखाना, आणि झाडांच्या चिरफळ्या उडविणाऱ्या तोफांपुढून जंगलातली धावपळ. होम्सची बुद्धी चालते, नाही असे नाही. पण ती बहुधा पुढचा ठोसा कोठे बसेल याचा हिशेब करण्यात खर्ची पडते.

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. होम्सला मुष्टियुद्ध येते हे कॉनन डॉयलनेच लिहून ठेवले आहे. १८९३ सालच्या ‘द फायनल प्रॉब्लेम’ या ज्या कथेचा आधार या बोलपटाने घेतला, तीतही रहस्य थोडे आणि पाठलागच फार. पण त्या कथेच्या पाठीशी उकललेल्या कितीतरी कोड्यांची पुण्याई उभी होती. वाचकांनी होम्सवर जीव टाकला तो त्याच्या मुठीसाठी नव्हे. या बोलपटातही सर्वांत सरस प्रसंग शेवटी बुद्धिबळाच्या पटावर घडतो. दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर बसून एकमेकांच्या चाली ओळखू पाहतात, तेव्हा तोफांहून अधिक उत्कंठा वाटते.

दुसऱ्या भागाच्या वाट्याला हे का यावे? कोडे एकदा सुटले की संपले. नवे रचावयाचे तर लेखकाला डोके खाजवावे लागते. धावपळ मात्र पैसा ओतून वाढविता येते. शिवाय मारामारीला भाषांतर लागत नाही. ती देशोदेशी सारखीच खपते. तरीही ही सक्ती नव्हे. जितू जोसेफ यांनी २०२१ साली मल्याळममध्ये ‘दृश्यम’चा दुसरा भाग काढला. त्या कथेचे पहिले हिंदी रूप २०१५ साली आपल्या निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केले होते. दुसरे २०२२ साली अभिषेक पाठक यांनी केले. त्या दुसऱ्या भागात नायकाचे शस्त्र म्हणजे वर्षानुवर्षे आखून ठेवलेली योजना, आणि प्रेक्षक शेवटपर्यंत जागचा हलत नाही.

आमच्या जुन्या वाचकांना बाबूराव अर्नाळकर आठवतील. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या झुंजार आणि काळा पहाड यांनाही हाणामारीचे वावडे नव्हते. पण पान उलटले जाई ते ‘हे कोणी केले?’ या ओढीने. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले, कल्याण-भालकी म्हैसूर राज्यात. त्यानंतर सीमेपलीकडच्या अनेक मराठी घरांत शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी झाली. अशा मुलाला घरची भाषा वाचावयास लावण्याचे काम व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा एखादी रहस्यकथा अधिक सहज करते.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. रहस्यकथा वाचकाला एक शिस्त लावते : संशय म्हणजे गुन्हा नव्हे, आणि दोष ठरवावयाचा तो पुराव्यावर. केवळ हाणामारीची कथा याच्या उलट शिकविते. तिच्यात दोषी कोण हे आधीच ठरलेले असते. उरतो फक्त बडविण्याचा कार्यक्रम. १९४७-४८ च्या दिवसांत या जिल्ह्यांनी आधी रझाकारांचा जुलूम पाहिला आणि मागाहून सूडाचा कहर पाहिला. दोन्ही वेळी ज्याच्यावर हात पडला त्याने काय केले होते, हे विचारावयास पुष्कळदा कोणी थांबले नाही. पुराव्यावाचून दिलेली शिक्षा म्हणजे काय, हे आमच्या वडीलधाऱ्यांना पडद्यावर पाहावे लागले नव्हते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या बोलपटात तरुण होऊन आला आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गैरव्यवहाराचा माग काढू लागला. फुरसुंगीच्या या पोराचा पुढचा भाग काढावयाचे कोणी मनात आणील, तर त्याने त्याला धावू द्यावे, सायकलही दामटू द्यावी. पण कोडे सोडविण्याचा मान त्याच्या डोक्यालाच द्यावा. आणि आईबापांनी मुलांसोबत असे बोलपट पाहताना मध्येच एक प्रश्न टाकावा : ‘हा चोर आहे, हे तुला कशावरून कळले?’ उत्तर देता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून एक रहस्यकथा आणून त्याच्या हाती द्यावी.